जुन्या गिऱ्हाइकाच्याच खिशात हात

बाजारपेठेचा एक साधा रिवाज आहे. जे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे एकाच दुकानाची पायरी चढते, त्याला दुकानदार दोन पैसे कमी लावतो, सणावाराला त्याचा माल बाजूला काढून ठेवतो, अडीअडचणीला वहीत उधारी मांडतो. यात कोणी कोणावर उपकार करीत नाही. नवे गिऱ्हाईक आज आहे, उद्या नाही. जुन्या गिऱ्हाइकावरच दुकान उभे असते, हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असते. इंग्लंडमधील फुटबॉलच्या धंद्यात मात्र हा हिशेब उलटा मांडला जात आहे. जो चाहता सर्वांत जुना आणि सर्वांत निष्ठावान, त्याच्याकडूनच अधिक वसूल करायचे, कारण तो दुसरीकडे जाणार नाही याची क्लबाला खात्री आहे.

व्यापाराच्या पानावर फुटबॉल कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की, हा आता केवळ खेळ राहिलेला नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील वीस क्लबांचे २०२२-२३ या मोसमातील एकत्रित उत्पन्न ६०० कोटी पौंडांच्या वर होते. शिवाय हा धंदा आपल्यापासून फार दूरही नाही. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा लँकेशायरमधील जुना क्लब २०१० पासून पुण्याच्या वेंकीज समूहाच्या मालकीचा आहे. त्या ब्लॅकबर्न गावात कोकणातून जाऊन स्थायिक झालेली कुटुंबेही आहेत. आणि मुंबई-पुण्याकडची कॉलेजात जाणारी मुले परदेशी क्लबांची वर्गणी भरून कार्ड मागवितात, हे अनेक घरांतील वडीलमंडळींना ठाऊक असेल.

प्रथम ही वर्गणी काय आहे ते पाहू. मोठ्या क्लबाच्या सामन्याला जाण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक, संपूर्ण मोसमाचा पास. तो मिळण्यासाठी यादीत नाव घालून अनेक वर्षे थांबावे लागते. दुसरा मार्ग सभासदत्वाचा. वर्षाला साधारण तीस ते पन्नास पौंड भरून सभासद व्हायचे. पण या पैशांत तिकीट मिळत नाही, मिळतो तो फक्त तिकीट मागण्याचा हक्क. मागणी जास्त असली की सोडत निघते. सोडतीत नाव आले तर तिकिटाचे पैसे वेगळे भरायचे, आणि वर्षभर एकदाही नाव आले नाही तरी वर्गणी परत मिळत नाही. रांगेत उभे राहण्याचेच भाडे म्हणा ना. दोन मुले असलेल्या बापाने तिघांचे सभासदत्व घेतले की मैदान पाहण्याआधीच शंभर पौंडांच्या आसपास खर्च होतो.

पूर्वी असे नव्हते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचे प्राण गेले. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये अहवाल दिला आणि मोठ्या मैदानांवर उभे राहण्याच्या जागा काढून सर्वत्र खुर्च्या बसवाव्यात असे सुचविले. खुर्च्या आल्या की दर वाढणार, ही भीती तेव्हाही होती. म्हणून त्याच अहवालात ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिला होता : तेथे उभे राहायला ४ पौंड आणि बसायला ६ पौंड पडत. स्वस्तातली खुर्ची उभ्या प्रेक्षकाच्या खिशाला परवडेल असे दर ठेवता येतील, असे न्यायमूर्तींचे मत होते. ते ६ पौंड महागाई धरूनही आज पंधरा-अठरा पौंडांपलीकडे जात नाहीत. खुर्च्या बसविण्याचा सल्ला क्लबांनी मानला. दराचा सल्ला मात्र अहवालातच राहिला.

१९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणीचा पैसा येऊ लागला. पहिला पाच वर्षांचा करार ३० कोटी ४० लाख पौंडांचा म्हणून जाहीर झाला होता. २०२५ पासूनच्या चार वर्षांसाठी केवळ ब्रिटनमधील प्रक्षेपणाचे हक्क ६७० कोटी पौंडांना गेले आहेत. परदेशातील हक्कांचे पैसे वेगळेच. वर दिलेल्या २०२२-२३ च्या उत्पन्नात प्रक्षेपणाचा वाटा निम्म्याहून अधिक होता. मैदानाच्या दारावर जमणारा सामन्याच्या दिवसाचा पैसा सुमारे ८७ कोटी पौंड, म्हणजे साधारण सातवा हिस्सा होता. त्यातही मोठा भाग श्रीमंत पाहुण्यांच्या खास कक्षांमधून येतो. साध्या चाहत्याच्या तिकिटावर चार-पाच पौंड चढवून क्लबाच्या तिजोरीत पडणारी भर ही खेळाडूंच्या पगाराच्या मानाने किरकोळ असते. एकूण उत्पन्नातील सुमारे दोन तृतीयांश रक्कम तर पगारावरच जाते.

तरीही हात जातो तो याच खिशात. मँचेस्टर युनायटेडचे उदाहरण घ्या. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने हा क्लब विकत घेतला, तेव्हा खरेदीच्या कर्जाचा मोठा बोजा क्लबावरच टाकला गेला. पुढची काही वर्षे तिकिटांचे दर चढतच राहिले. चिडलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला. तेथे सभासद हाच मालक, आणि एका सभासदाला एक मत. मूळ क्लबाने ३० जून २०२४ रोजी संपलेल्या वर्षात ६६ कोटी पौंडांहून अधिक विक्रमी उत्पन्न मिळविले आणि तरी ११ कोटी ३० लाख पौंडांचा तोटा दाखविला. ही तूट चाहत्याने केलेली नव्हती. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये, मोसम चालू असतानाच, सभासदांसाठी उरलेल्या सामन्यांच्या तिकिटाचा एकच दर जाहीर झाला, ६६ पौंड. त्यापूर्वी प्रौढांची तिकिटे ४० पौंडांपासून आणि मुलांची २५ पौंडांपासून मिळत. नव्या दरात मुले आणि वृद्ध यांची सवलतही गेली. दहा वर्षांच्या पोराला आणि सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला एकच दर! तोट्याच्या खात्यातील मोठी कलमे तशीच ठेवून चहाच्या खर्चात काटकसर करणाऱ्या शेठजीसारखे हे झाले.

लिव्हरपूलच्या चाहत्यांनी यावर पूर्वीच एक उपाय करून दाखविला होता. पुढील मोसमासाठी सर्वांत महाग तिकीट ५९ वरून ७७ पौंडांवर नेण्याचा बेत २०१६ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला. ६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्ध सामना होता. बरोबर ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून बाहेर गेले. त्या वेळी लिव्हरपूल २-० ने पुढे होते. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. चारच दिवसांत मालकांनी माफी मागितली, बेत मागे घेतला आणि दर दोन मोसम गोठविले. रिकाम्या खुर्च्या दूरचित्रवाणीवर दिसणे क्लबाला परवडणारे नव्हते. या घटनेत सगळ्या धंद्याचे मर्म आहे, ते आम्ही पुढे सांगणार आहोत.

क्लबांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, मैदान भरलेले आहे, तिकिटाला मागणी आहे, मग भाव का चढवू नये? स्वस्तात दिलेले तिकीट काळाबाजार करणाऱ्यांच्या हाती जाईल. खेळाडूंचे पगार, मैदानाची देखभाल, वीज, नोकरवर्ग, सारेच महागले आहे. तोट्यावर लीगने मर्यादा घातली असल्याने प्रत्येक पौंड मोजून मिळवावा लागतो. यातले काही मुद्दे खोटे नाहीत. महागाईप्रमाणे थोडी वाढ कोणी नाकारणार नाही. काळाबाजाराचे म्हणाल तर फुटबॉलची तिकिटे परवानगीवाचून विकणे हा इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याने गुन्हाच आहे. तो कायदा नीट राबवावा. चोराच्या भीतीने मालकानेच गिऱ्हाइकाला चोराच्या भावात माल विकणे हा काही उपाय नव्हे.

मागणी आणि पुरवठ्याच्या मुद्द्याला मात्र नीट उत्तर दिले पाहिजे, कारण आमचे व्यापारी वाचकही हाच प्रश्न विचारतील. मागणी-पुरवठ्याचा नियम तेथे न्याय्य ठरतो, जेथे गिऱ्हाइकाला दुसरे दुकान आहे. तांदूळ एका दुकानी महाग असला तर आपण दुसऱ्या दुकानी जातो, आणि त्या धाकाने पहिल्याचा भाव जागेवर येतो. फुटबॉलच्या चाहत्याला दुसरे दुकान नाही. ज्याचा आजा, बाप लिव्हरपूलचा, तो दर वाढला म्हणून उद्या एव्हर्टनचा होत नाही. बाहेरून ही स्पर्धा दिसते. चाहत्याच्या दृष्टीने ती मक्तेदारी आहे. मक्तेदाराने अडलेल्या गिऱ्हाइकाकडून हवा तो भाव घेणे याला आपल्याकडे व्यापार म्हणत नाहीत, नडवणे म्हणतात. इंग्लंडमधील चाहत्यांच्या संघटनेने आपल्या मोहिमेला ‘निष्ठेचा गैरफायदा थांबवा’ अशा अर्थाचे नाव दिले आहे, ते नेमके याचसाठी.

दुसरे असे की, हा चाहता केवळ गिऱ्हाईक नाही, तो मालाचाही भाग आहे. हेच ते मर्म. परदेशातील माणूस अर्ध्या रात्री जागून सामना पाहतो, तो फक्त बावीस खेळाडूंसाठी नव्हे. ती गाणी, तो आरडाओरडा, ते हलणारे प्रेक्षागार या सर्वांसाठी दूरचित्रवाणी कंपन्या पैसे मोजतात. हा माल कोण तयार करतो? स्वस्तातल्या खुर्चीवरचा जुना चाहता. म्हणजे जो फुकट राबतो, त्याच्याचकडून कारखान्यात शिरण्याचे भाडे घ्यायचे आणि दरसाल वाढवायचे! त्याच्या जागी महागडे तिकीट काढून एकदाच येणारा पर्यटक बसला तर त्या सामन्याचा गल्ला वाढेल. पण तो गाणार नाही, आणि संघ हरू लागला की पुन्हा येणारही नाही.

दर आवरले तर क्लब बुडतील काय? याचे उत्तर क्लबांनीच दिले आहे. परगावी सामना पाहायला जाणाऱ्या चाहत्यासाठी प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०१६-१७ पासून तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली आणि पुढे ती वेळोवेळी चालू ठेवली. या काळात क्लबांचे उत्पन्न एकंदरीत वाढलेच. एकाही क्लबाचे दिवाळे या ३० पौंडांनी निघाले नाही.

जर्मनीचा मार्ग आणखी वेगळा. तेथे १९९८ पासूनच्या नियमानुसार क्लबाच्या मतांपैकी निम्म्यांहून एक मत जास्त सभासदांच्या हाती असावे लागते. बायर्न म्युनिकचे तीन लाखांहून अधिक सभासद आहेत आणि वर्गणी साठ-सत्तर युरोंच्या घरात आहे. डॉर्टमुंडच्या दक्षिण प्रेक्षागारात सुमारे पंचवीस हजार माणसे आजही स्वस्तात उभी राहून सामना पाहतात. अपवाद तेथेही आहेत. २००९ मध्ये निघालेल्या लाइपझिगच्या क्लबाने सभासदत्वाची फी वर्षाला ८०० युरोंपर्यंत नेऊन ठेवली आणि मत देणारे सभासद मूठभरच राहिले. वर्गणी वाढवून चाहत्याला दाराबाहेर कसे ठेवता येते, याचा हा नमुना आहे.

आता पुणेकरांच्या ब्लॅकबर्नकडे वळू. १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब वेंकीजने सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. मालकांनी त्यात पुढे खिशातून फार मोठा पैसा घातला, हे मान्य केले पाहिजे. पण कारभारावरून चाहत्यांशी बिनसले, २०१२ मध्ये संघ खालच्या श्रेणीत गेला आणि वीस हजारांवर असणारी सरासरी गर्दी पुढच्याच मोसमात पंधरा हजारांवर आली. येथे भांडण दराचे नव्हते, आणि संघाची घसरण हेही गर्दी घटण्याचे कारण होते. तरी धडा एकच. चाहत्याचे मन उडाले की मालकाचा पैसाही खुर्च्या भरू शकत नाही. चाहता दुसऱ्या दुकानी जात नाही हे खरे, पण तो घरी बसू शकतो. आणि एकदा घरी बसलेला बाप मुलाला मैदानावर नेत नाही. तोटा तेथे सुरू होतो, मात्र तो कोणत्याही वर्षाच्या ताळेबंदात दिसत नाही.

इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये नवा कायदा झाला असून त्याने फुटबॉलवर स्वतंत्र नियामक नेमण्याची सोय केली आहे. तिकिटांच्या दराबाबत क्लबांनी चाहत्यांशी सल्लामसलत करावी, अशी अपेक्षा त्यात आहे. सल्ला मानण्याचे बंधन नाही. आमच्या मते क्लबांनी आपणहून चार गोष्टी कराव्यात. सभासदाच्या वर्गणीची रक्कम पहिल्या तिकिटात वळती करावी, आणि वर्षभर तिकीट न मिळाल्यास ती परत द्यावी. वार्षिक वाढ महागाईच्या दरापलीकडे नेऊ नये. मुले आणि वृद्ध यांच्या सवलतीला हात लावू नये. आणि मोसम चालू असताना दर बदलू नये, कारण सौदा ठरल्यावर भाव फिरविणाऱ्याला कोणत्याही बाजारात इमानदार म्हणत नाहीत.

परदेशी क्लबांचे कार्ड घेणाऱ्या आपल्या मुलांनाही आम्ही सांगू की, हौस जरूर करावी, पण पैसे भरण्यापूर्वी बदल्यात काय मिळते ते वाचावे. रांगेत उभे राहण्याचा हक्क आणि मैदानावरची खुर्ची यांत सात समुद्रांचे अंतर आहे.

जुने गिऱ्हाईक सांभाळणारा दुकानदार मंदीतही तग धरतो. फुटबॉलचे शेठ आज तेजीत आहेत. मंदी आली की त्यांना याच जुन्या चाहत्याची वाट पाहावी लागेल. तेव्हा तो दारात यावा असे वाटत असेल, तर हिशेब आजच सुधारलेला बरा.