ओढणी पुढे करण्याआधी

मैत्रिणींनो,

यंदाच्या आठ मार्चला आपण छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात धरणं धरलं. एकट्या राहणाऱ्या बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावावर रेशनकार्ड मिळावं, ही मागणी होती. त्या दिवशीची एक गोष्ट अहवालात आलेली नाही. ती इथे सांगते, कारण ती माझ्या चुकीची आहे.

आपली एक तरुण कार्यकर्ती सैलसा सुती कुर्ता घालून आली होती. आत ब्रा नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. समोर पोलीस, कॅमेरेवाले, पुलाखाली थांबलेले बघे. मी तिला बाजूला घेतलं, माझी ओढणी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "घे गं अंगावर. नाहीतर उद्या मागण्या राहतील बाजूला आणि भलतंच छापून येईल." तिनं ओढणी घेतली. मग हळूच म्हणाली, "ताई, घरी आई सांगते ते बाबांसाठी आणि दादासाठी. तुम्ही सांगताय पेपरवाल्यांसाठी. घामोळ्यांनी माझा जीव नकोसा झालाय, ते कुणाला सांगू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली मी गेली दहा-बारा वर्षं शिबिरांमध्ये 'आपलं शरीर आपलं' हे सत्र घेते. तीच मी संध्याकाळी घरी पोचल्यावर पाणी पिण्याआधी हुक काढते. तुमच्यापैकी किती जणी तसंच करतात, हे विचारायची गरज नाही. तरीही यावर आपण आपसात कधी बोललो नाही.

माझी आजी नऊवारीवर गाठीची चोळी घालायची. गाठ पुढे, तिच्या हाताशी. हवी तेव्हा सैल करायची. तिनं उभ्या जन्मात ब्रा घातली नाही आणि त्यासाठी तिला कुणी निर्लज्ज म्हटलं नाही. तिची अब्रू डोक्यावरच्या पदरात होती. आईच्या वेळी 'बॉडी' आली, माझ्या वेळी ब्रा. म्हणजे अब्रूची जागा पिढीगणिक बदलली. मात्र ती जागा बाईला विचारून कधीच ठरली नाही.

ती जातीनंही ठरत होती. त्रावणकोर संस्थानात नाडर बायकांना ऊर झाकायचा हक्क मिळवण्यासाठी कित्येक वर्षं मार खावा लागला; १८५९ साली जाहीरनामा निघाला तेव्हा कुठे त्यांना ऊर झाकायची परवानगी मिळाली, तीही उच्चवर्णीय बायकांसारखं झाकायचं नाही या अटीवर. तेव्हा झाकणं हा हक्क होता. म्हणून मुद्दा झाकण्याचा किंवा न झाकण्याचा नाही, तो कोण ठरवणार याचा आहे.

जुलै २०२१ मध्ये अभिनेत्री हेमांगी कवी यांनी घरात पोळ्या लाटतानाचा एक व्हिडिओ टाकला. लोकांनी पोळ्या सोडून त्यांनी ब्रा घातली आहे की नाही यावरच चर्चा केली. त्यावर त्यांनी 'बाई, बुब्स आणि ब्रा' या मथळ्याखाली सविस्तर लिहिलं: जिला घालायची तिनं घालावी, जिला नको तिनं घालू नये. एवढ्या साध्या म्हणण्यावर महाराष्ट्रभर गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी, १७ जुलै २०२२ रोजी, केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या एका केंद्रावर 'नीट' परीक्षेला आलेल्या मुलींना हुकाच्या धातूमुळे ब्रा काढायला लावल्या. पोलिसात तक्रार झाली, अटका झाल्या आणि त्या मुलींसाठी सप्टेंबरमध्ये पुन्हा परीक्षा ठेवावी लागली. एकीकडे 'घाल', दुसरीकडे 'काढ'. तिला काय हवं, हे दोन्हीकडे कुणी विचारलं नाही.

आपल्याला 'ब्रा जाळणाऱ्या बाया' म्हणून हिणवणाऱ्यांसाठी एक खुलासा. ७ सप्टेंबर १९६८ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटी इथं सौंदर्यस्पर्धेविरुद्ध निदर्शनं झाली. तिथं बायकांनी ब्रा, उंच टाचांच्या चपला, खोट्या पापण्या असं बरंच काही एका पिंपात टाकलं. जाळलं काहीच नाही. जाळल्याची गोष्ट वर्तमानपत्रांनी पसरवली.

धरण्यानंतर एका वस्तीतल्या बैठकीत मी हा विषय काढला. आधी सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या, मग बोलत्या झाल्या. धुणीभांडी करणारी एक जण म्हणाली, "मला तर लागतेच. वाकून फरशी पुसताना तिच्याशिवाय खांदे भरून येतात." दुसरीकडे दोनच आहेत. उन्हात उघड्यावर वाळत घालायची सोय नाही, म्हणून त्या परकराखाली वाळत घालते आणि सकाळी ओल्याच चढवते. स्तनांखाली खाज आणि चट्टे, पण दवाखान्यात दाखवायची लाज. तिसरी म्हणाली, "दुकानातला माणूस नुसता बघून नंबर सांगतो. जो देईल तो घ्यायचा आणि निघायचं." निवड, निवड असं आपण म्हणतो, पण हातात पैसे, वाळवायला ऊन आणि मापाबद्दल मोकळेपणानं विचारायला दुकानात एक बाई, एवढं तरी असल्याशिवाय ती निवड कसली?

तिथं विचारलेल्या दोन शंकांची उत्तरं इथेही देते. ब्रा घातल्यानं स्तनांचा कर्करोग होतो, याला पुरावा नाही. अमेरिकेत सिएटल भागातल्या दीड हजारांवर स्त्रियांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. स्तन ओघळतात ते मुख्यतः वय, गरोदरपण आणि वजनातले चढउतार यांमुळे. तेव्हा भीतीपोटी घालू नका आणि भीतीपोटी सोडूही नका. जड स्तनांना, धावताना, ओझं उचलताना आधार बरा वाटतो. पट्ट्याचे वळ उठत असतील, श्वास अडत असेल, तर माप चुकलं आहे. ओली घालू नका. घामानं चट्टे उठले तर दवाखान्यात नि:संकोच दाखवा.

आता माझ्या चुकीबद्दल. त्या मुलीनं ओढणी धुऊन, घडी घालून परत आणून दिली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी नको ताई, पण बैठकीत बोला." तेव्हा कार्यकारिणीच्या बैठकीत बोललो आणि ठरलं की आपल्या कार्यक्रमात कुणीही दुसरीच्या कपड्यांवर बोलणार नाही, तिनं स्वतःहून मागितली, तरच ओढणी द्यायची. यापुढच्या प्रत्येक शिबिरात आतल्या कपड्यांवर अर्धा तास राहील.

एक प्रश्न मात्र शिल्लक आहे. भलता फोटो खरंच छापून आला आणि रेशनकार्डाची मागणी मागे पडली, तर ज्या बाईच्या घरात धान्य नाही तिला आपण काय सांगणार? माझी भीती अगदीच खोटी नव्हती. पण तिची किंमत सगळ्यांत तरुण मुलीनं एकटीनं, आणि तीही ऐनवेळी, का मोजायची? अशा फोटोला संघटना म्हणून काय उत्तर द्यायचं, हे आपण धरण्याआधी बसून ठरवायला हवं होतं. तुमच्या गटात असा प्रसंग आला होता का? तुम्ही काय केलंत? लिहून कळवा. पुढच्या अंकात ही पत्रं छापू. नाव द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमची,
संपादक