घेणारा कोण, देणारा कोण?

'उधार' हा शब्द मराठीत आहे, उर्दूतही आहे. पुढे 'घेणे' किंवा 'देणे', 'लेना' किंवा 'देना' लावले की काम भागते. इंग्रजीत तसे नाही. तिथे घेणाऱ्याचे क्रियापद बॉरो आणि देणाऱ्याचे लेंड. म्हणूनच आपली मुले वर्गात 'बॉरो मी युवर पेन' म्हणतात.

मुलांना एवढेच विचारा : काम कोण करतो? मी घेणार असेन तर 'मे आय बॉरो युवर पेन?' तू देणार असशील तर 'विल यू लेंड मी युवर पेन?' बॉरोसोबत फ्रॉम येतो, लेंडसोबत टू. भूतकाळ बॉरोड आणि लेंट. शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर बॉरो होते. वाण्याच्या वहीतील उधारी मात्र नाही. ती 'बाय ऑन क्रेडिट'.

हा फरक चुकला तर मुलांचा एखादा गुण जातो. मोठ्यांचे नुकसान यापेक्षा मोठे असते. कर्जाच्या कागदावर 'लेंडर' म्हणजे पैसे देणारी बँक आणि 'बॉरोअर' म्हणजे कर्जदार. 'को-बॉरोअर' म्हणून सही करणारी पत्नी किंवा आई ही नुसती साक्षीदार नसते. ती सहकर्जदार असते, पूर्ण कर्ज तिच्याकडूनही वसूल होऊ शकते. 'गॅरंटर' म्हणजे जामीन. भारतीय करार कायदा 1872, कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बॉरो हा शब्दही जुन्या इंग्रजीतील जामीन किंवा तारण या अर्थाच्या शब्दापासूनच आला आहे.

सूरह बकराच्या 282व्या आयतीत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, आणि मजकूर ज्याच्यावर देणे आहे त्याने सांगावा, असेही त्यात आहे. म्हणजे कागदात काय आहे हे घेणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे. आज रिझर्व्ह बँकेचा नियमही घरगुती कर्जदारांसाठी हेच सांगतो : कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे आणि समजावून सांगावे. तेव्हा भगिनींनो, सही करण्याआधी ते मराठीत मागा. मागण्यात लाज नाही, तो आपला हक्क आहे.

या महिन्याचा गृहपाठ : घरात कर्जाचा एखादा कागद असेल तर मुलांसोबत बसून त्यातील बॉरोअर कोण आणि लेंडर कोण, ते शोधा.