कमावत्या आईलाही पोटगीचा हक्क

भगिनींनो, इचलकरंजी हे यंत्रमागाचे गाव. कांड्या भरणे, सूतगिरणीतले काम, घरची शिलाई, दुकानातली नोकरी यांवर इथल्या कितीतरी आया लेकरे वाढवितात. नवऱ्यापासून वेगळे राहण्याची वेळ आली की यातल्या पुष्कळजणी म्हणतात, "मी कमावते, मला कोण पोटगी देणार?" हा समज चुकीचा आहे, आणि त्याचा भुर्दंड मुलांना बसतो.

पोटगीचे पूर्वीचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे व सर्व धर्मीयांना आहे. पत्नीला थोडीफार मिळकत आहे एवढ्यावरून तिची पोटगी नाकारता येत नाही. त्या मिळकतीत तिचे नीट भागते का, हे पाहायचे असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच सांगितले. मुलांचा हक्क तर वेगळाच आहे. आई कमावती असेल तर मुलांचा खर्च दोघांच्या मिळकतीच्या प्रमाणात वाटला जातो. पण बापाचा वाटा सुटत नाही. "माग बंद आहे, काम नाही" ही सबबही सहजी चालत नाही. धडधाकट पतीने अंगमेहनत करूनही बायकामुलांना पोसले पाहिजे, असे याच न्यायालयाने २०२२ साली बजावले.

उशीर मात्र करू नका. नोव्हेंबर २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. वर्षभर वाट पाहिली तर त्या वर्षाचे पैसे गेले. दोघांनाही आपली मिळकत व देणे प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागते. म्हणून पगाराची चिठ्ठी, शाळेची फी, घरभाडे, दवाखाना यांच्या पावत्या जपून ठेवा. अर्ज तुम्ही राहता तिथल्या न्यायालयात करता येतो. नवऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगीही मागता येते. हुकूम होऊनही पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज थकबाकीच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत करावा.

वकिलाच्या फीची भीती बाळगू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना, मग मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. शिवाय शासनाची बालसंगोपन योजना आहे. एकटी आई किंवा एकटा बाप सांभाळत असलेल्या गरजू मुलांसाठी दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करावी.

आता एक गोष्ट समाजातील वडीलधाऱ्यांसाठी. भांडण मिटवायला आपण बसतो, हेतू चांगला असतो. पण स्टँपपेपरवर "दोघे राजीखुशीने वेगळे राहतात, पोटगी मागणार नाही" असे लिहून बाईची सही घेतली जाते. राजीखुशीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला या कलमाखाली पोटगी मिळत नाही, म्हणून हाच कागद पुढे तिच्याविरुद्ध न्यायालयात दाखविला जातो. बौद्ध विवाहांनाही १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे. त्यातला घटस्फोट न्यायालय देते, नोटरी नव्हे. आणि मुलाचा हक्क आईच्या सहीने संपत नाही.

तेव्हा बहिणींनो, वकिलाला दाखविल्याशिवाय अशा कागदावर सही करू नका. आणि मध्यस्थांनो, बैठकीत पहिला प्रश्न हा विचारा: मुलांच्या खर्चाला बाप दरमहा किती देणार, आणि कोणत्या तारखेला?