दाम पूर्ण, मालकी अर्धी

खेळासाठीही चालणारा लॅपटॉप विकत घेणाऱ्या सामान्य घरातील तरुणाला चैनी ठरविण्याची सवय स्वतःस पुरोगामी म्हणविणाऱ्यांनाही जडली आहे. साठ हजारांपासून लाख रुपयांपर्यंत किंमत असलेल्या या मध्यम प्रतीच्या यंत्राला बाजारात ‘गेमिंग लॅपटॉप’ म्हणतात. आणि नावात खेळ आला की वस्तू उधळपट्टीची ठरते. ज्या घरात पाऊण लाखाचा दागिना ‘बचत’ म्हणून मिरविला जातो, त्याच घरात तेवढ्याच किमतीचे हे यंत्र ‘नाद’ म्हणून हिणविले जाते. शासनाची करनीतीही याच वृत्तीची आहे. सोन्यावर वस्तू व सेवा कर ३ टक्के, लॅपटॉपवर १८ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये कराच्या टप्प्यांची फेररचना झाली, तेव्हा वातानुकूलन यंत्रे आणि मोठे दूरचित्रवाणी संच २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप मात्र होता तेथेच राहिला. ७५ हजारांच्या लॅपटॉपमध्ये सुमारे ११,४०० रुपये कराचे असतात. तिजोरीत निजून राहणाऱ्या धातूला सवलत आणि विद्यार्थ्याच्या साधनाला भुर्दंड, हा न्याय कोणत्या समाजरचनेचा?

वस्तुतः हे यंत्र घेणारा तरुण हिशेबी असतो. अभ्यासाला एक आणि करमणुकीला दुसरे अशी दोन यंत्रे घेण्याची ऐपत नसल्यामुळेच तो दोन्ही कामे करणारे एक यंत्र निवडतो. त्यातील ग्राफिक्सची स्वतंत्र चकती खेळातील दृश्ये रंगविते. तीच चकती स्थापत्याचे आराखडे, चित्रफितींचे संपादन आणि त्रिमितीय चित्रांचे कामही वेगाने उरकते. या सोयीसाठी तो गैरसोयही पत्करतो. यंत्राचे वजन दोन किलोच्या वर, त्यात जड चार्जरची भर. खेळताना वीजजोडणी हवीच. पंख्याचा आवाज सतत कानाशी. चैन करणारा माणूस अशी हमाली करीत नाही.

आणि समजा, तो रात्री तासभर केवळ खेळतो. त्यात लाजण्याजोगे काय आहे? ज्या महाराष्ट्रात नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी पदरात पाडून घेतली, तेथे तरी विश्रांती आणि विरंगुळा हा कष्टकऱ्याचा हक्क आहे हे पुन्हा सिद्ध करावे लागू नये. सुटी मिळावी, पण ती कशी घालवावी हे मात्र शहाण्यांनी ठरवावे, ही भूमिका लोकशाही समाजवादाची नव्हे. ती मालकाच्या मुकादमाची आहे. खेळ आणि जुगार यांतील भेद मात्र कटाक्षाने पाळला पाहिजे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी घातली, ती योग्यच आहे. परंतु त्या पापाचा डाग बुद्धी आणि कौशल्याच्या खेळांवर लावणे म्हणजे तालमीला दारूचा अड्डा म्हणणे होय.

तेव्हा तरुणाने हे यंत्र घ्यावे की नाही, हा वाद निरर्थक आहे. खरा प्रश्न असा की, पूर्ण दाम मोजून घेतलेल्या या यंत्राचा तो मालक होतो काय?

या प्रश्नाची पहिली बाजू यंत्राच्या पोटात आहे. महागड्या, सडपातळ लॅपटॉपमध्ये आजकाल मेमरी पटलावर कायमची डाखलेली असते. ती वाढविता येत नाही आणि बिघडली तर संपूर्ण पटल बदलावे लागते. उलट ज्याच्या जाडीची थट्टा होते, त्या मध्यम गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा मेमरीच्या दोन खोबणी आणि साठवणीसाठी एखादी जास्तीची जागा असते. तळाचे स्क्रू काढले की पंखा साफ करता येतो, बॅटरी बदलता येते. आज एकच मेमरी असलेले यंत्र घ्यावे आणि वर्षभराने पैसे साचल्यावर दुसरी बसवून त्याचा वेग वाढवावा, ही सोय गरजू माणसाला फार मोलाची असते. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्यांचे पोट दुरुस्तीवर चालते, त्या कारागिरांचेही हित यातच आहे. पण उघडता येणारी ही यंत्रेदेखील हळूहळू बंदिस्त होत चालली आहेत, आणि ‘झाकण उघडाल तर हमी जाईल’ ही भीती ग्राहकाच्या मनात आधीपासूनच पेरलेली असते.

दुसरी बाजू फसव्या नावांची. एकाच नावाची ग्राफिक्स चकती निरनिराळ्या लॅपटॉपमध्ये निरनिराळ्या शक्तीने चालते. एनव्हिडियाची ‘आरटीएक्स ४०५०’ ही लॅपटॉपसाठीची चकती ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसविण्याची उत्पादकाला मुभा आहे. बाहेर चिकटविलेली पट्टी एकच, आतील बळात मात्र मोठा फरक! गिऱ्हाईक नाव पाहून पैसे मोजते. वॅटचा आकडा तपशिलाच्या अरण्यात दडलेला असतो. हप्त्यांचेही तसेच. ‘विनाखर्च हप्ता’ म्हणून जे दिले जाते, त्यात व्याज आधी सवलतीच्या रूपाने वजा दाखवितात आणि पुढे व्याजावरील कर व प्रक्रिया शुल्क ग्राहकाकडूनच वसूल होते. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावले होते.

तिसरी बाजू सर्वांत गंभीर आहे. यंत्र आपले, पण त्यातील काहीच आपले नाही! खेळ ‘विकत’ घेतला तरी हाती येतो तो केवळ वापराचा परवाना. कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा रेटा आल्यावर स्टीम या सर्वांत मोठ्या दुकानाने ऑक्टोबर २०२४ पासून तशी स्पष्ट सूचना लावली. युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि ज्यांनी दाम मोजले होते त्यांच्या हाती निरुपयोगी वस्तू उरली. त्याविरुद्ध युरोपात उभ्या राहिलेल्या मोहिमेस दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या दिल्या. खेळणाऱ्यांना संघटना करता येत नाही असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार काढून घेतला, तेव्हा धडधाकट असूनही नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी असंख्य यंत्रे एका फर्मानाने म्हातारी झाली.

या सर्वांवर कळस चढविला तो भांडवलाच्या नव्या हव्यासाने. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांना मेमरी पुरविण्यात अधिक नफा दिसताच कारखान्यांनी सामान्य ग्राहकाकडे पाठ फिरविली. मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठी असलेला ‘क्रुशियल’ हा आपला व्यवसाय गुंडाळण्याची घोषणा केली. मेमरीचे भाव भडकले. याच लाटेवर एनव्हिडियाचे बाजारमूल्य ऑक्टोबर २०२५ मध्ये पाच लाख कोटी डॉलरांवर गेले. म्हणजे रिकामी खोबण गिऱ्हाइकाची. पण ती कधी भरावयाची हे ठरविणार सातासमुद्रापलीकडची संचालक मंडळे. बाजार ग्राहकाला राजा मानतो, या सिद्धान्ताची याहून निर्दय थट्टा कोणती?

यावर उपाय नाही असे नाही. फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे गुणांक छापणे सक्तीचे केले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली; गुणांकाच्या आराखड्याचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. पण त्याचा पहिला रोख मोबाइल आणि टॅब्लेट यांवर आहे. लॅपटॉप त्यात तातडीने आला पाहिजे. मेमरी, साठवण आणि बॅटरी बदलता येईल अशी रचना, सुटे भाग किमान सात वर्षे मिळण्याची हमी, चकतीची वॅटमर्यादा किमतीइतक्याच ठळक अक्षरांत, आणि विद्यार्थ्यांच्या साधनांवर सोन्याहून अधिक कर नको, या चार मागण्या आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने माहितीचा हक्क दिलेलाच आहे. तो वापरण्यासाठी तक्रारी दाखल झाल्या पाहिजेत.

हे काम कार्यकर्त्यांचे आहे. महाविद्यालयांतील तरुणांपुढे साधेपणाची प्रवचने देऊन ते संघटनेत येणार नाहीत. लॅपटॉप घेण्यापूर्वी कोणता आकडा पाहावा, हप्त्याच्या कागदावर कोठे बोट ठेवावे, जुन्या यंत्रावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली कशी बसवावी, हे सांगणारा कार्यकर्ता त्यांना आपला वाटेल. उत्पादनाच्या साधनांवर मालकी कोणाची, हा समाजवादाचा मूळ प्रश्न आता त्यांच्या अभ्यासाच्या टेबलावर येऊन बसला आहे. तो पंख्याचा आवाज करतो म्हणून त्याच्याकडे पाठ फिरविणे परवडणारे नाही.