प्लॅस्टिकवरच्या निबंधाचा शेवट बदलूया



'प्लॅस्टिक : एक समस्या' हा निबंध आपण दरवर्षी लिहून घेतो. शेवट ठरलेला : कापडी पिशवी वापरा, कचरा कचरापेटीतच टाका. सवयी चांगल्याच आहेत. पण मुलाच्या मनात पक्कं काय बसतं? सगळा दोष माझा आणि माझ्या आईबाबांचा. हे मला पटत नाही. म्हणून आज ज्युडिथ एन्क या अमेरिकन बाईंविषयी लिहितेय.

एन्क यांनी तरुणपणी न्यूयॉर्क राज्यात बाटल्यांच्या अनामत कायद्यासाठी काम केलं. 1982 मध्ये तो कायदा झाला. पेय घेताना 5 सेंट जास्त द्यायचे, रिकामी बाटली परत केली की ते परत मिळतात. आपल्याकडे सोड्याच्या काचेच्या बाटलीवर दुकानदार अनामत घ्यायचा, अगदी तसंच. पुढे ओबामांच्या काळात त्या केंद्रीय पर्यावरण खात्याच्या विभागीय प्रमुख झाल्या. एवढं झाल्यावर कुणीही निवांत बसलं असतं. पण 2019 मध्ये, म्हणजे त्या कायद्यानंतर 37 वर्षांनी, त्यांनी बेनिंग्टन कॉलेजात 'बियॉन्ड प्लॅस्टिक्स' हा उपक्रम सुरू केला.

त्यांचं म्हणणं सरळ आहे. फक्त रिसायकलिंगने हा प्रश्न सुटणार नाही. 2015 पर्यंत जगात जेवढा प्लॅस्टिक कचरा झाला, त्यातला जेमतेम 9 टक्के रिसायकल झाला होता. प्लॅस्टिकचे प्रकार, रंग, रसायनं वेगवेगळी. सगळं एकत्र वितळवून नवं काही करता येत नाही. म्हणून वेष्टनं मुळातच कमी करा आणि ती जबाबदारी कंपन्यांवर टाका. असं विधेयक न्यूयॉर्कच्या सिनेटने 2024 आणि 2025 मध्ये मंजूर केलं, दोन्ही वेळा ते पुढच्या सभागृहात अडकलं. तरी बाई थांबलेल्या नाहीत.

कुणी म्हणेल, कायदे-कंपन्या हे विषय चौथीच्या मुलांना कशाला? माझ्या मते झेपतात, फक्त हाताला काम द्यायला हवं. आठवडाभर घरातली रिकामी वेष्टनं धुऊन वर्गात आणायला सांगा. भंगारवाला काय घेतो आणि काय घेत नाही, असे दोन ढीग करा. बाटल्या एका बाजूला जातील, वेफर्स-बिस्किटांचे चकचकीत पुडे दुसऱ्या बाजूला. मग विचारा, हा दुसरा ढीग कमी कुणी करायचा? महाराष्ट्राच्या 2018 च्या प्लॅस्टिकबंदीतही बाटल्या पैसे देऊन परत घेण्याची तरतूद होती. ती आपल्या गावात कुठे दिसते का, हे मुलांनाच शोधू द्या. नाही दिसली तर ग्रामपंचायतीला पत्र लिहू द्या. पत्रलेखन तर अभ्यासक्रमातच आहे!

मुलांना कचरा उचलायला शिकवूच. पण तो येतो कुठून, हे विचारायलाही शिकवूया. निबंधाचा शेवट सूचनेऐवजी एका प्रश्नाने झाला, तर मी त्याला एक गुण जास्त देईन. तुम्ही?