साण्यातला उजेड

मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत उजेड उतरे तो छतातील साण्यातून. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा, लोहारा भागातील अशी घरे माणसांवर कोसळली. त्या धास्तीने धाराशिवात आम्हीही स्लॅब टाकला. ते योग्यच, परंतु साणे विसरलो. आई तांदूळ निवडण्यास दारात बसू लागली. ‘दिव्याखाली अळी दिसत नाही रे,’ एवढेच म्हणे. गृहकर्जाचे शेकडो नकाशे मी तपासले. उजेडाची चौकशी एकदाही केली नाही.

निवृत्तीनंतर अभियंत्याच्या सल्ल्याने स्लॅबला झरोका पाडून जाड काच बसविली. झालेल्या स्लॅबची सळई कापणे जोखमीचे. नव्याने बांधणाऱ्यांनी ती जागा नकाशातच राखावी. आता सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाला दिवा लागत नाही. आईचा पाट झरोक्याखाली मांडलेला असतो. ती मात्र सवयीने अजून दारातच बसते.