रंगरूट किती आठवड्यांत जवान होतो?

१/
मनमाड जंक्शनावरून सैन्यात निघालेल्या मुलाला एक गाडी नाशिक रोडच्या तोफखाना केंद्राकडे नेते, दुसरी अहिल्यानगरच्या चिलखती दलाच्या केंद्राकडे, तर पुणे-मिरज मार्गाने बेळगावचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र गाठता येते. तिथे त्याला किती काळ शिकवावे, हा वाद अग्निपथ योजनेने पुन्हा जागवला. वाद मात्र जुना आहे.

२/
पहिल्या महायुद्धापूर्वी बहुतेक पलटणी स्वतःच भरती करीत आणि रंगरुटांना स्वतःच शिकवीत. शांततेत हे चालून गेले. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियात कूत येथे ब्रिटिश-हिंदी फौज शरण गेली. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. अशी झीज भरून काढताना ती घरगुती व्यवस्था तोकडी पडली.

३/
म्हणून १९२२ च्या पुनर्रचनेत शर्कातच्या लढाईत नाव कमावलेली ११४ वी मराठा पलटणच प्रशिक्षण बटालियन झाली. ठाणे बेळगाव. काटकसरीचा हेतूही त्यामागे होताच. तरीही रणांगण पाहिलेली आख्खी पलटण शिकवण्यास बसवणे, हा मला त्या पुनर्रचनेतील सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

४/
आता २०२२ ची योजना पाहा. सेवा चार वर्षांची, प्रशिक्षण त्यातच धरलेले. नाशिक रोडला पहिल्या तुकडीसाठी ३१ आठवडे ठरले : १० पायाभूत, २१ प्रगत. चार वर्षांचे आठवडे होतात सुमारे २०८. शिकवण्याचा प्रत्येक वाढीव आठवडा प्रत्यक्ष सेवेतून वजा होतो. तोफचीला शिकायला किती वेळ लागतो, या प्रश्नावर ही वजाबाकी कुरघोडी करते, हा माझा आक्षेप आहे.

५/
आजची मुले यंत्रे लवकर आत्मसात करतात, हे खरे. रेडिओ संच काही आठवड्यांत हाताळता येईलही. पण केंद्रातील उस्तादांच्या हातून सुटलेला रंगरूट पुढे पलटणीतील हवालदार आणि जुन्या जवानांकडून शिकत असतो. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्केच राहणार असतील, तर हे शिकवणारे हातही विरळ होत जातील. त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही.

६/
चार वर्षांची मुदत ठेवायचीच असेल, तर प्रशिक्षणाचा काळ तिच्याबाहेर धरावा. वेतनाचा भार वाढेल. तो सरकारने उचलावा. पहिल्या तुकडीची मुदत २०२७ च्या आरंभी संपते, आणि कोणाला ठेवायचे हे ठरवतानाच शिकवू शकणाऱ्यांना वेगळे गुण द्यावेत.